वापरलेला ट्रान्झिस्टर विवर्धक

विजेच्या गिटारीला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. साध्या गिटारीत तारांचे कंपन पोकळ लाकडी पेटीकडे जाते आणि ती पेटी भोवतालच्या हवेला हलवते. तंबोऱ्याची तबली आणि भोपळा मिळून जे काम करतात तेच हे काम होय. विजेच्या गिटारीचे अंग मात्र बहुधा भरीव फळीचे असते. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती अत्यंत बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले वेटोळे बसविलेले असते. तार हलली की चुंबकीय क्षेत्र थरथरते आणि वेटोळ्यात व्होल्टच्या काही दशांशांएवढा क्षीण विद्युत् दाब उत्पन्न होतो. एवढ्याशा दाबातून खोली भरून टाकणारा नाद निर्माण करण्याचे काम विवर्धकाचे, म्हणजे अँप्लिफायरचे. विवर्धक हे गिटारीचे उपांग नसून वाद्याचा दुसरा अर्धा भाग आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. तरीही नवशिका वादक हाताशी असलेले बहुतेक पैसे गिटारीवरच खर्च करतो आणि उरलेल्या शिलकीत विवर्धक शोधू लागतो. अशा वेळी वापरलेला, स्वस्त आणि ट्रान्झिस्टरवर चालणारा विवर्धक एवढाच पर्याय त्याच्यापुढे राहतो.

या शोधासाठी बंगळुरूइतके अनुकूल शहर भारतात क्वचितच सापडेल. 1948 साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आणि 1954 साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सरकारी कारखाने येथे स्थापन झाले. त्यांपैकी दुसऱ्याने 1962 साली जर्मेनियमच्या अर्धसंवाहक घटकांचे उत्पादन सुरू केले. सुटे भाग ओळखणारे, डाख देणारे आणि मंडलाची आकृती वाचू शकणारे कारागीर या शहरात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेले. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ज्या कामासाठी प्रसिद्ध आहे, त्याच कामासाठी बंगळुरूत एस. पी. रोड प्रसिद्ध आहे. दुसरीकडे, जुन्या छावणीच्या भागातील चर्चमधले वादक, महाविद्यालयांतील वाद्यवृंद आणि 1996 साली स्थापन झालेल्या ‘थर्मल अँड अ क्वार्टर’सारखे संच यांमुळे पाश्चात्त्य धर्तीच्या संगीताला येथे स्वतःचा श्रोतृवर्ग मिळाला. 17 मार्च 2007 रोजी ‘आयर्न मेडन’ या इंग्लिश संचाने पॅलेस ग्राउंड्सवर कार्यक्रम केला, तोही याच शहरात. शिकण्यासाठी आणि नोकरीसाठी येणाऱ्या तरुणांची येथे सदैव ये-जा असते. शहर सोडताना गिटार खांद्यावर घालून नेता येते, पण दहा-पंधरा किलोंचे खोके नेता येत नाही. ते मागेच राहते आणि विकले जाते.

स्वस्ताईचे दुसरे कारण तांत्रिक इतिहासात आहे. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर 1947 मध्ये लागला. तोपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ, विवर्धनाचे काम काचेच्या निर्वात नलिका, ज्यांना बाजारात ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात, त्याच करीत. 1960 नंतरच्या दशकात गिटार-विवर्धकांत ट्रान्झिस्टर शिरला. फेंडर या नामांकित अमेरिकन कंपनीने 1966 साली असे विवर्धक बाजारात आणले. परंतु या पहिल्या पिढीची कीर्ती चांगली झाली नाही. निकामी होण्याबद्दल आणि कर्कश आवाजाबद्दल त्यांचे नाव बद्दू झाले. पुढे रचना सुधारल्या. जपानच्या रोलंड कंपनीचा 1975 सालचा जे. सी. 120 हा विवर्धक तर आपल्या स्वच्छ आवाजासाठी आजही नावाजला जातो. तथापि एकदा पडलेले नाव लवकर पुसले जात नाही. व्हॉल्व्हचा जुना विवर्धक वर्षागणिक महाग होत जातो आणि ट्रान्झिस्टरचा तितकाच जुना विवर्धक जवळजवळ भंगाराच्या भावाकडे उतरतो. येथे किंमत उतरते ती पुष्कळदा यंत्र झिजले म्हणून नव्हे, तर त्याला मान नाही म्हणून. खरेदीदाराचा लाभ नेमका या फरकात आहे.

हा मान का नाही, हेही समजून घेण्याजोगे आहे. विवर्धकाला त्याच्या कुवतीपलीकडे रेटले की ध्वनितरंगांचे माथे कापले जातात. व्हॉल्व्हमध्ये ही छाटणी हळूहळू आणि गोलसर होते. ट्रान्झिस्टरमध्ये ती एकदम, कात्रीने कापल्यासारखी होते. रॉक संगीताला प्रिय असलेला तो फाटका, दाणेदार आवाज व्हॉल्व्हमधून म्हणूनच अधिक गोड लागतो. परंतु ज्याला अजून स्वर सुटा आणि नेमका वाजवायला शिकायचे आहे त्याला स्वच्छ आवाजाची गरज जास्त असते, आणि तेथे ट्रान्झिस्टर कोठेही कमी पडत नाही. शिवाय व्हॉल्व्ह ठरावीक काळाने बदलावे लागतात, ट्रान्झिस्टर बदलावे लागत नाहीत. व्हॉल्व्हच्या पेटीत चारशे-पाचशे व्होल्टचा दाब खेळत असतो, ट्रान्झिस्टरच्या मंडलात बहुधा तीस-चाळीस व्होल्टचा. अर्थात 230 व्होल्टची घरगुती वीज दोन्ही पेट्यांत शिरतेच, हे विसरून चालणार नाही.

एक गैरसमज आरंभीच दूर करणे आवश्यक आहे. सभा, कीर्तन आणि गणेशोत्सव यांसाठी वापरला जाणारा ध्वनिवर्धक आणि गिटारीचा विवर्धक ही दोन वेगळी यंत्रे आहेत. मिरवणुकीतील बेंजो पथके कर्ण्यांवर उत्तम वाजतात हे पाहून पुष्कळांना तसाच संच पुरेल असे वाटते. परंतु गिटारीच्या वेटोळ्याला सुमारे दहा लाख ओहम एवढा मोठा रोध समोर हवा असतो. मायक्रोफोनसाठी केलेल्या जोडणीत तो पुष्कळच कमी असतो आणि त्यामुळे गिटारीचा वरचा, चमकदार भाग गिळला जातो. स्पीकरचाही यात भाग आहे. गिटार-विवर्धकातील कागदी शंकूचा स्पीकर साधारणपणे पाच हजार कंपनांच्या पुढे झपाट्याने मिटत जातो आणि त्यामुळे तारेचा खरखरीत किनारा झाकला जातो. सर्व कंप्रता सारख्या उचलणारा चांगला स्पीकर गिटारीला उलट निर्दय वाटतो.

आता वॉटची गोष्ट. जाहिरातीत आणि विक्रेत्याच्या तोंडी हा आकडा सर्वांत आधी येतो आणि ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूलही तोच करतो. मानवी कान शक्तीची मोजणी बेरजेने करीत नाही, पटीने करतो. शक्ती दुप्पट केली म्हणजे तीव्रता तीन डेसिबेलने वाढते. हा फरक कानाला कळतो, पण डोळे विस्फारावेत असा नसतो. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते. तेव्हा पंधरा वॉटचा विवर्धक सोडून वीस वॉटच्या विवर्धकासाठी अधिक पैसे मोजण्यात काही हशील नाही. त्याहून स्पीकरची कार्यक्षमता महत्त्वाची. एका वॉटला एक मीटर अंतरावर एक स्पीकर 90 डेसिबेल आणि दुसरा 96 डेसिबेल देत असेल, तर दुसऱ्याशी बरोबरी करण्यास पहिल्याला चौपट शक्ती पुरवावी लागेल. खोलीतल्या सरावासाठी दहा-पंधरा वॉट आणि आठ इंची स्पीकर पुष्कळ झाला. ढोलवादकासोबत वाजवायचे असेल तर मात्र पन्नास वॉट आणि बारा इंची स्पीकर यांच्या खाली जाण्यात अर्थ नाही. तिथेही आकड्यापेक्षा शंकूचा आकार आणि पेटीचा घाट यांकडे अधिक लक्ष द्यावे.

खरेदीची जागा कोणती असावी? बंगळुरूत बी. व्ही. के. अय्यंगार रोडच्या परिसरात रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तेथे तऱ्हेतऱ्हेची यंत्रे पदपथावर मांडलेली दिसतात. तो बाजार पाहण्यासारखा आहे, परंतु जेथे विजेची जोडणी नाही तेथे विवर्धक घेणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून घोडा पारखणे. विक्रेत्याच्या घरी जावे, जाताना स्वतःची गिटार, स्वतःची केबल आणि एक साधा मल्टिमीटर न्यावा. परकी केबल खरखरली तर दोष कोणाचा हे ठरत नाही. शक्यतो घरातील वीज चालू असताना जावे. स्वस्त इन्व्हर्टरच्या ओबडधोबड विजेवर निरोगी विवर्धकही गुरगुरतो.

पहिली तपासणी वीज लावण्यापूर्वीची आहे, आणि तिच्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. गिटारीच्या तारा केबलमधून विवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि सांगाडा तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीला, म्हणजे अर्थिंगला. आत कोठे विजेची तार सुटून सांगाड्याला लागली तर प्रवाह या वाटेने जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा अशी ही योजना आहे. आपल्याकडे भिंतीत दोनच भोके असली की प्लगची जाड पिन कापण्याची किंवा दोन पिनांचा प्लग बसविण्याची रीत आहे. कधी गुणगुण कमी व्हावी म्हणून अर्थिंगची तार मुद्दाम सोडविलेली असते. तसे झाले की सुटलेल्या तारेची वीज वादकाच्या बोटांवर येऊन थांबते, आणि त्याने दुसऱ्या यंत्राला जोडलेल्या मायक्रोफोनला हात किंवा ओठ लावताच ती त्याच्या देहातून वाट काढते. ‘स्टोन द क्रोज’ या संचाचा गिटारवादक लेस हार्वी 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्सी येथे, रंगमंचावर सर्वांदेखत, अर्थिंग धड नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मरण पावला. ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ 1976 साली स्वतःच्या घरी विजेची गिटार वाजवीत असताना धक्का बसून गेला. हे दोघेही अनुभवी होते.

ही तपासणी फार सोपी आहे. प्लग भिंतीपासून दूर असताना मल्टिमीटर रोध मोजण्यावर ठेवावा, एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरे सांगाड्याच्या उघड्या स्क्रूला लावावे. आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. नंतर तेच टोक गिटारीची केबल बसते त्या जॅकच्या धातूला लावून पाहावे. काही छोटे विवर्धक वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर चालतात किंवा दुहेरी आवरणाचे असतात आणि त्यांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांची गोष्ट निराळी. बाकी सर्वांत हा आकडा न आल्यास वीज लावून पाहण्याचाही मोह धरू नये. दोष केवळ तुटलेल्या पिनेचा असेल तर तो क्षुल्लक आहे, पण दुरुस्ती आधी आणि वाजविणे नंतर.

त्याच वेळी मागील पट्टीवरचा दाबही वाचून घ्यावा. परदेशातून आणलेल्या विवर्धकावर 120 व्होल्ट, 60 आवर्तने असे लिहिलेले असेल तर तो अमेरिकेचा. 100 व्होल्ट असेल तर जपानचा. असा विवर्धक थेट आपल्या 230 व्होल्टच्या विजेला जोडला तर रोहित्राचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो, प्रवाह बेसुमार वाढतो आणि एक तर फ्यूज उडतो किंवा वेटोळे जळते. विक्रेत्याने फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असेल तर दुसरीच गोष्ट घडते. म्हणून फ्यूज काढून पाहणे अगत्याचे. काचेच्या नळीऐवजी चांदीचा कागद किंवा तांब्याचा गुंडाळा दिसला, तर या यंत्राचा फ्यूज वारंवार उडत होता आणि कोणी तरी कारण शोधण्याऐवजी फ्यूजच हद्दपार केला, असे समजण्यास हरकत नाही. दाब उतरविणारे वेगळे रोहित्र घेऊन परदेशी विवर्धक वापरता येतो. मात्र त्याची किंमत आणि वजन सौद्यात धरावे.

वीज सुरू करताना नजर स्पीकरच्या शंकूवर ठेवावी. क्षणभर हलका ‘ठप्’ झाला तर काळजी नको. शंकू जोराने पुढे किंवा मागे जाऊन तेथेच अडकला आणि दणदणीत गुणगुण सुरू झाली, तर अंतिम टप्प्यातील ट्रान्झिस्टर फुटला असून स्पीकरमधून एकदिश प्रवाह वाहत आहे. तत्काळ बंद करावे, नाही तर काही सेकंदांत स्पीकरचे वेटोळेही जळेल. स्पीकरच्या टोकांवर मोजलेला एकदिश दाब व्होल्टच्या दहाव्या भागापेक्षा कमी असावा. वीज बंद करून, स्पीकरची एक तार सोडवून त्याचा रोध मोजला तर आठ ओहमच्या स्पीकरवर सहा ते सात आकडा दिसतो. आठच दिसत नाही म्हणून घाबरू नये.

यानंतर कानाचे काम. काहीही न जोडता आवाजाचे बटण हळूहळू वाढवावे. पावसासारखी बारीक सळसळ ऐकू येते, ती सर्वच विवर्धकांत असते. गुणगुण असेल तर ती बटणाबरोबर वाढते की नाही हे पाहावे. बटण शून्यावर असतानाही ती तेवढीच राहिली, तर दोष वीजपुरवठ्याच्या टप्प्यात आहे. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. पूर्णतरंगी एकदिशीकरणानंतर तिचा अवशेष 100 आवर्तनांचा उरतो आणि तो पुसून टाकण्याचे काम मोठी विद्युत् अपघटनी धारित्रे करतात. या डबीसारख्या धारित्रांतील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते. वीस वर्षांच्या विवर्धकात ती बदलणे हा रोग नव्हे, वार्धक्य होय, आणि खर्चही फार नाही. बटण फिरविताना होणारी खरखर बहुधा धुळीची असते. साफ करण्याच्या फवाऱ्याने ती जाते. जॅकमध्ये केबल हलविली की आवाज तुटत असेल तर मंडलाच्या फळीवरचा डाख तडकला आहे. हा या वर्गातील विवर्धकांचा अगदी नेहमीचा आजार आहे. एकाच धड्याने उरलेले सर्व विसरायचे असेल, तर निदान जॅक हलवून पाहणे तरी विसरू नये.

आता घाई करू नये. गिटार जोडून निदान अर्धा तास वाजवीत राहावे, त्यातील काही वेळ मोठ्या आवाजात. काही दोष थंड यंत्रात दडून राहतात. उष्णतेने धातू किंचित प्रसरण पावतो, भेगाळलेला डाख उघडतो आणि विसाव्या मिनिटाला आवाज बसतो. उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा कोमट किंवा गरम असावा, पण नुसते चालू असताना तो भाजण्याइतका तापता कामा नये. जाड तारेवरचे खालचे स्वर जोरात वाजवून पाहावेत. त्या वेळी फडफड ऐकू आली तर शंकू फाटलेला आहे, आणि घासल्यासारखा आवाज आला तर वेटोळे आपल्या जागेवरून सरकले आहे. अर्धा तास वाजवू देण्यास विक्रेता तयार नसेल, तर त्याच्या घाईचे कारण त्याच्यापाशीच राहू द्यावे आणि तेथून उठावे.

दोष आढळला म्हणून सौदा मोडलाच पाहिजे असे मात्र नाही. तीस वॉटपर्यंतच्या पुष्कळ विवर्धकांत शक्तीचा सारा टप्पा एकाच संकलित मंडलात, म्हणजे आय. सी.त सामावलेला असतो. टी. डी. ए. 2030 यासारखे आय. सी. जगभर लक्षावधी यंत्रांत वापरले गेले. असे भाग बाजारात थोड्या पैशांत मिळतात आणि जाणकार कारागीर ते तासाभरात बदलतो. नकली छाप मारलेले भागही विकले जातात, तेव्हा भाग कारागिरालाच आणू द्यावा हे बरे. रोहित्र जळले असेल किंवा स्पीकर गेला असेल तर हिशेब बदलतो. स्वस्त विवर्धकात हेच दोन भाग महागडे असतात आणि दोन्ही गेले तर उरते ती फळ्यांची पेटी. त्याहून अवघड प्रकरण अलीकडच्या अंकीय विवर्धकांचे आहे. शेकडो आवाजांची नक्कल करणारे हे यंत्र नवे असताना मोह घालते. परंतु त्याचा मुख्य घटक त्या कंपनीपुरताच असतो, त्यातील आज्ञावली बाहेर मिळत नाही आणि फळीवरचे भाग मोहरीएवढे असतात. बंद पडलेल्या साध्या ट्रान्झिस्टर विवर्धकाला एस. पी. रोडवरच्या सुट्या भागांनी उठवता येते, याला बहुधा नाही. आवाजाच्या संख्येपेक्षा आयुष्य महत्त्वाचे वाटत असेल त्याने तीन-चार बटणांचा साधा विवर्धक निवडावा.

किंमत ठरविताना विक्रेता मूळ किमतीची पावती दाखवितो, तर खरेदीदाराने त्याच आकाराच्या नव्या विवर्धकाची आजची किंमत मनात धरावी. निर्दोष असलेल्या यंत्राला तिच्या निम्म्याच्या आसपास देणे रास्त. त्यातून धारित्रांचा, जॅकचा किंवा प्लगचा दुरुस्तीखर्च वजा करावा, आणि तो वजा का केला हे विक्रेत्याला मल्टिमीटरवरचा आकडा दाखवून सांगावे. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात त्या खोलीतील भिंतीवरच्या जोडणीचे अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, कारण विवर्धकाची जाड पिन शाबूत असली तरी भिंतीमागची तार जमिनीपर्यंत पोहोचलेली आहे की नाही, हे विवर्धकाकडे पाहून कळत नाही.